साधा पीच कॉब्लर, जॉर्जियाच्या पद्धतीने (बिनअंड्याचा)

भुईचाफा | ८ जून

पाककृतींच्या विभागात ॲपल पायचे धागे बरेच आहेत, पण पीच कॉब्लरचा (फळाबरोबर पीठ घालून भांड्यात भाजलेला गोड पदार्थ) एकही सापडला नाही, म्हणून लिहिते आहे. मी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळ राहते. इथे मेच्या मध्याला पीच यायला लागतात आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत मिळतात. या काळात शेजाऱ्यांकडे जेवण असो, चर्चचं पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) असो की मुलांच्या शाळेचा कार्यक्रम, टेबलाच्या टोकाला एका मोठ्या भांड्यात कॉब्लर असतोच. मला तो आमच्या शेजारच्या आजींनी शिकवला. त्या मेकनच्या दक्षिणेकडच्या, म्हणजे पीचच्या बागांच्याच मुलखातल्या. मी वही-पेन घेऊन बसले होते, तर त्यांनी आधी एक पीच कापून माझ्या हातावर ठेवलं. किती साखर, किती लिंबू, हे त्यांचं त्या फोडीवर ठरतं. मैदा, दूध, लोणी यांची मापं पक्की असतात, फळाचं माप दर वेळी नव्याने काढायचं. कॉब्लर चांगला होणं न होणं बहुतेक यातच आहे असं माझं ठाम मत आहे, म्हणून कृतीआधी फळाबद्दल.

पीच घेताना लालीवर जाऊ नका. लाली जातीची असते, उन्हाची असते, पिकल्याची नसते. देठाजवळचा, लालीच्या मागचा रंग बघा. तो हिरवट असेल तर फळ कच्चं तोडलंय, चांगला पिवळा असेल तर झाडावर तयार झालंय. मग वास घ्या. वास नसलेल्या पीचचा कॉब्लर करण्यात अर्थ नाही, साखरेने तो वास येत नाही. फळं घट्ट असतील तर कागदी पिशवीत घालून दोन-तीन दिवस ओट्यावर ठेवा. पिकण्याआधी फ्रिजमध्ये टाकलीत तर गर पिठूळ होतो, आणि एकदा पिठूळ झाला की तो पुन्हा सुधारत नाही.

कोयही बघायला हवी. हंगामाच्या सुरुवातीची पीच क्लिंगस्टोन असतात, म्हणजे गर कोयीला घट्ट धरून असतो. जूनच्या अखेरीपासून फ्रीस्टोन येतात, ती मधून चिरून पिळली की दोन अर्ध्या वाट्या सुट्या होतात. फोडी नीट हव्या असतील तर फ्रीस्टोनची वाट पाहा. मला स्वतःला सुरुवातीची रसाळ फळंही आवडतात, फक्त फोडी वेड्यावाकड्या होतात आणि वेळ जास्त लागतो.

आता साहित्य. ८ इंच चौकोनी, किमान २ इंच खोल काचेचं किंवा सिरॅमिकचं भांडं, साधारण २ लिटरचं.

फळासाठी: पीच मध्यम आकाराची ५-६ (कोयीसकट ९०० ग्रॅमच्या आसपास, सोलून फोडी ७०० ग्रॅम भरतात), साखर ५० ते १०० ग्रॅम, लिंबाचा रस १ मोठा चमचा, चिमूटभर मीठ, थोडं किसलेलं जायफळ.

पिठासाठी: मैदा १२५ ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, बेकिंग पावडर २ छोटे चमचे, मीठ पाव चमचा, दूध १८० मिली, बिनमिठाचं बटर ८५ ग्रॅम.

ओव्हन १८० अंश सेल्सिअसला (३५० फॅरनहाइट) तापायला लावा. पीच सोलून बोटाएवढ्या जाड फोडी करा. पातळ फोडी विरघळून जातात. एक फोड खा. गोड आणि वासाची असेल तर ५० ग्रॅम साखर पुरते. आंबट असेल तर १०० ग्रॅम घ्या आणि लिंबू निम्मं करा. फोडी, साखर, लिंबू, मीठ पातेल्यात घालून मध्यम आचेवर ठेवा. रस सुटून कडेने उकळी फुटली की लगेच उतरवा आणि वरून जायफळ किसा. शिजवायचं नाहीये, फक्त गरम करून रस सोडवायचा आहे.

बटर बेकिंगच्या भांड्यातच घालून भांडं ओव्हनमध्ये ठेवा. वितळून फेस यायला लागला की बाहेर काढा, करपू देऊ नका. तोवर मैदा, साखर, बेकिंग पावडर, मीठ एकत्र करून त्यात दूध घाला आणि जेमतेम मिसळा. धिरड्याच्या पिठासारखं सरसरीत व्हायला हवं. चार-दोन बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील, फेटत बसलात तर चिवट होईल.

हे पीठ गरम बटरवर ओता. ढवळू नका. बटर कडेने वर येईल, येऊ द्या. आता पीचच्या फोडी चमच्याने सगळीकडे पसरा आणि रस वरून सोडा. पुन्हा सांगते, ढवळू नका. फोडी जड म्हणून खाली बसतात, पिठात हवा धरली की ते त्यांच्या बाजूने वर चढतं, आणि जे पीठ बटरला लागून असतं ते कडेला तळल्यागत खरपूस होतं. ढवळलं तर हे थर मोडतात आणि एकसारखा ओला केक हातात येतो.

खाली एक ट्रे ठेवून ५० ते ५५ मिनिटं भाजा. वरचा भाग गडद सोनेरी हवा आणि रस कडेलाच नाही, मधेही बुडबुडे काढताना दिसायला हवा. बाहेर काढल्यावर किमान अर्धा तास थांबा. गरम असताना रस पाण्यासारखा वाटतो, कोमट झाला की आपोआप दाट होतो. बरोबर व्हॅनिला आइस्क्रीम. आजींकडे नुसतं थंड दूध ओतूनही खातात, तेही करून बघा.

---

तगर | ८ जून

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! जायफळ वाचून फार बरं वाटलं. इकडे न्यू जर्सीत सगळे दालचिनीच घालतात आणि मग पीच खातोय की सफरचंद तेच कळत नाही. सोलायची सोपी पद्धत आहे का? माझ्या सुरीबरोबर अर्धा गर निघून जातो.

---

भुईचाफा | ८ जून

तगर, सोलाण्याने किंवा सुरीने नको. फळाच्या खालच्या टोकाला फुलीसारखी उथळ चीर द्या, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट ठेवा आणि झाऱ्याने काढून बर्फाच्या पाण्यात टाका. फळ पिकलेलं असेल तर साल अंगठ्याने सरकते. सरकली नाही तर फळ अजून तयार नाही असं समजायचं आणि उरलेली एक-दोन दिवस ठेवायची. साल तशीच ठेवली तरी बिघडत काही नाही. माझ्याकडे घाईच्या दिवशी सालीसकटच होतो, फक्त वरची लव नीट धुऊन घ्यावी लागते.

जायफळाबद्दल अगदी सहमत. इथल्या जुन्या घरांमधून पीचबरोबर जायफळच जातं, दालचिनी चिमूटभर किंवा नाहीच.

---

खडीसाखर | ९ जून

ताई, फार सविस्तर लिहिलंत, धन्यवाद. पुण्यातून विचारते आहे. मंडईत सध्या हिमाचलची म्हणून पीच दिसतात, लहान असतात, वर लाल आणि आत फिकट. तुमच्याकडच्या फळांसारखी भरीव पिवळी नाहीत. चालतील का? शिवाय घरात खारं बटर असतं, आणि ओव्हन नाही, ओटीजी (छोटा ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे. साजूक तुपात करता येईल का?

---

सोलनकर | ९ जून

खडीसाखर, पीचबद्दल मी सांगतो. नोकरीमुळे बरीच वर्षं सोलनला आहे. इथून जवळ सिरमौर जिल्ह्यात राजगढ आहे, तिथल्या उतारांवर पीचच्याच बागा. हिमाचलात फळ मे-जूनमध्ये सुरू होतं, उंचीवरच्या बागांचं जुलैत येतं. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये जी अगदी लवकरची येतात ती बहुधा पंजाबकडची किंवा तराईतली, कमी थंडीत येणाऱ्या जातींची असतात. शान-ए-पंजाब हे त्यातलं तुम्ही ऐकलं असेल असं नाव. ती रसाळ असतात पण आंबटपणा अंगात असतो.

कॉब्लरसाठी माझा सल्ला, जूनच्या अखेरीपर्यंत थांबा आणि फळवाल्याला विचारून पिवळ्या गराचं मागा. इथे जुलै एल्बर्टा नावाची जात लावतात. पिवळा गर, कोय सुटी, शिजवल्यावर आकार धरून ठेवते. पांढऱ्या गराची फळं नुसती खायला उत्तम, आंबटपणा कमी, पण ओव्हनमध्ये गेली की त्यांचा नाजूक वास उडून जातो.

पुण्यापर्यंत येणारी फळं लांबच्या प्रवासासाठी घट्ट असतानाच तोडतात. त्यामुळे धागाकर्तीने कागदी पिशवीचं लिहिलंय ते तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं. पेटीतली सगळी एकदम पिकत नाहीत, रोज हात लावून बघा आणि तयार झालेली बाजूला काढत जा.

---

भुईचाफा | ९ जून

सोलनकर, खूप उपयोगी माहिती. जुलै एल्बर्टा हिमाचलात लावतात हे मला नवीन आहे. एल्बर्टा हे नाव तर इथलंच, जॉर्जियातलं! त्यावर उंबरठा येऊन लिहितील तर बरं, त्यांचा अभ्यास आहे.

खडीसाखर, खारं बटर चालेल, मग पिठात आणि फळात वेगळं मीठ घालू नका. तुपात पाणी नसतं आणि बटरमध्ये स्निग्धांश ८० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून ८५ ग्रॅम बटरऐवजी तूप ७० ग्रॅम पुरेल. कडा तुपात जास्तच कुरकुरीत होतात. पण तुपाचा स्वतःचा वास पीचवर चढतो, तेव्हा कढवलेलं रवाळ तूप नको, बटर मिळालं तर बटरच.

ओटीजीत खालची आणि वरची दोन्ही कॉइल चालू ठेवा, भांडं खालून दुसऱ्या खाचेवर, पंखा असेल तर तापमान १० अंश कमी. ओटीजी लहान असल्याने वरचा भाग लवकर रंगतो. ३० मिनिटांनी बघा, रंग पुरेसा आला असेल तर वर ॲल्युमिनियम फॉइल सैल टाकून पुढचा वेळ पूर्ण करा. आणखी एक, आंबट फळं असतील तर पिठातली साखर वाढवू नका, वाढवायची ती फळातली.

---

पाटपाणी | १० जून

मला या धाग्यावर थोडा वेगळा सूर लावायचा आहे. मी नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला राहते, आणि माझ्या मते खरा कॉब्लर बिस्किटांचा. बिस्किट म्हणजे इथलं, ताकातलं, मऊ पापुद्र्याचं. पातळ पिठाचा प्रकार करायला सोपा आहे हे मान्य, पण त्यात फळ पिठात हरवतं. बिस्किटांच्या कॉब्लरमध्ये खाली नुसतं फळ आणि रस, वर खरपूस पापुद्रे, दोन्ही वेगवेगळे लागतात.

माझी पद्धत लिहिते. फोडींना साखर, लिंबू आणि एक मोठा चमचा कॉर्नस्टार्च लावायचं (भारतात जे कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतं तेच). वर पीठ नसल्यामुळे रस दाट करायला ते लागतं. भांडं २०० अंशाला १५ मिनिटं ओव्हनमध्ये. फळ तापून रस सुटायला लागला की मगच वर बिस्किटांचं पीठ. थंड फळावर ठेवलं तर बिस्किटांचा तळ कच्चा राहतो, हे अगदी लक्षात ठेवा. पीठ असं: मैदा १९० ग्रॅम, साखर २ मोठे चमचे, बेकिंग पावडर दीड चमचा, खायचा सोडा पाव चमचा, मीठ, फ्रिजमधलं गारढोण बटर ८५ ग्रॅम. बटरचे तुकडे बोटांनी मैद्यात चुरायचे, वाटाण्याएवढे राहिले पाहिजेत. मग दाट ताक १२० मिली घालून गोळा जेमतेम जुळवायचा. मळायचं अजिबात नाही. चमच्याने गोळे सोडायचे, मधे फटी ठेवायच्या म्हणजे वाफ निघते. वरून दूध लावून थोडी साखर, आणि २५ ते ३० मिनिटं.

अमेरिकेच्या दक्षिणेत बिस्किटांसाठी मऊ गव्हाचा, कमी प्रथिनांचा मैदा वापरतात. तो नसेल तर मैद्यातले २ मोठे चमचे काढून तेवढंच कॉर्नस्टार्च घाला, फरक कळतो.

---

भुईचाफा | १० जून

पाटपाणी, तुमची कृती करून बघणारच. पण 'खरा' या शब्दाला माझा विरोध आहे. जॉर्जियातल्या फोर्ट व्हॅलीला दर जूनमध्ये पीचची जत्रा भरते आणि तिथे जगातला सर्वांत मोठा म्हणून जो कॉब्लर करतात, सुमारे ११ फूट लांब आणि ५ फूट रुंद, त्यात मैदा, साखर, दूध, बटर आणि पीच असतात. म्हणजे आमच्याच घराण्यातला! फोर्ट व्हॅली ज्या काउंटीत (जिल्ह्यासारखा भाग) आहे तिचं नावच पीच काउंटी. १९२४ साली ती झाली, जॉर्जियातली सगळ्यांत शेवटी बनलेली काउंटी.

आणि फळ हरवतं ते फळ कमी पडलं तर. माझ्या प्रमाणात फोडी ७०० ग्रॅम आणि मैदा १२५ ग्रॅम आहे. बऱ्याच कृतींमध्ये एवढ्याच फळाला पीठ आणि साखर दोन्ही जास्त असतात, तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

---

उंबरठा | ११ जून

बोलावलंत म्हणून आलो. थोडा इतिहास लिहितो, कारण तुम्हा दोघींच्या वादाचं मूळ त्यात आहे.

कॉब्लर हे नाव छापील पुस्तकांत १९व्या शतकाच्या पूर्वार्धात दिसायला लागतं. लेटिस ब्रायन यांच्या 'द केंटकी हाउसवाइफ' या १८३९ सालच्या पुस्तकात पीच पॉट-पायची कृती आहे आणि त्यालाच कॉब्लरही म्हणतात असं तिथे सांगितलं आहे. ती कृती क्लिंगस्टोन पीचची आहे, आणि हा पदार्थ पाहुण्यांपुढे मिरवायचा नसला तरी घरच्यांसाठी फार चांगला, अशी शिफारसही आहे. त्यात लाटलेली पारी आहे, बिस्किट नाही आणि पातळ पीठही नाही. बेकिंग पावडर बाजारात यायला अजून अवकाश होता. ती १९व्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी पोचली, त्यानंतरच फुगणाऱ्या पिठाचे प्रकार सोपे झाले. त्यामुळे वयाने पाहिलं तर तुम्हा दोघींच्याही पद्धतीआधी पारीचा कॉब्लर येतो. दक्षिणेतल्या अनेक कृष्णवर्णीय घरांत आजही तोच करतात, खाली-वर पारी आणि रसात पारीचेच तुकडे सोडलेले.

हे मुद्दाम लिहितो आहे. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या मोठ्या घरांची स्वयंपाकघरं कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हातात होती. ज्याला आज दक्षिणी जेवण म्हणतात त्यातलं कितीतरी त्यांचं आहे, आणि जुन्या पुस्तकांवर त्यांची नावं क्वचितच आली. एडना लुइस यांनी १९७६ मध्ये आपल्या गावच्या, व्हर्जिनियातल्या फ्रीटाउनच्या, ऋतूंप्रमाणे होणाऱ्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं. मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेलं ते गाव, त्यांचे आजोबा त्यांपैकी एक. दक्षिणेच्या जेवणाबद्दल वाचायचं असेल तर मी तिथून सुरुवात करा असं सांगेन.

आता एल्बर्टा. पीच मूळचं चीनचं. अमेरिकेत ते १६व्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आलं आणि मूलनिवासी लोकांनी ते इतक्या वेगाने आत नेलं की नंतर आलेल्या युरोपियनांना ते इथलंच रानफळ वाटलं. व्यापारी पीक झालं ते यादवी युद्धानंतर. मार्शलव्हिल इथल्या सॅम्युएल रम्फ यांनी १८७०च्या दशकात पिवळ्या गराची, सुट्या कोयीची एक जात काढली आणि तिला पत्नीचं, क्लारा एल्बर्टा यांचं नाव दिलं. फळ टणक होतं, बर्फाच्या साथीने रेल्वेने न्यूयॉर्कपर्यंत टिकायचं. त्यामुळे जॉर्जियाचं नाव पीचशी जोडलं गेलं. बागांमधलं कष्टाचं काम मात्र तेव्हा कृष्णवर्णीय मजुरांनी केलं, आज ते बरंचसं मेक्सिकोतून हंगामी व्हिसावर येणारे मजूर करतात. उन्हाळ्यात, झाडाखालच्या दमट उकाड्यात, एकेक फळ हाताने तोडावं लागतं.

आणि भुईचाफा, १९९५ पासून पीच हे जॉर्जियाचं अधिकृत राज्यफळ असलं तरी पीक दक्षिण कॅरोलिनात जास्त निघतं, आणि कॅलिफोर्निया तर दोघांच्या कितीतरी पुढे आहे.

---

तगर | ११ जून

उंबरठा, अप्रतिम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

---

करवंदी | १२ जून

सासऱ्यांना मधुमेह आहे, पण ते चमचाभर तरी चाखतातच. साखर किती कमी करता येईल? आणि मैद्याऐवजी कणीक?

---

भुईचाफा | १२ जून

करवंदी, फळातली साखर पिकलेल्या पीचमध्ये पूर्ण वगळली तरी चालते, फक्त रस थोडा कमी सुटेल. पिठातली १५० ग्रॅमवरून १०० ग्रॅमपर्यंत आणा, त्याखाली नको. पिठात ती नुसती गोडीसाठी नाही, कडांचा रंग आणि कुरकुरीतपणा तिच्यावर आहे, आणि तिच्यामुळेच आतलं मऊ राहतं. त्यापेक्षा पाटपाणींचा प्रकार तुमच्यासाठी बरा, बिस्किटांत साखर फारच थोडी असते. सासऱ्यांना बहुतांश फळ आणि बिस्किटाचा लहान तुकडा वाढा. तरी मैदा आणि फळाची साखर आहेच, त्यांच्या पथ्यात किती बसतं ते त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा.

कणीक निम्मी घाला. ती दूध जास्त पिते, म्हणून २-३ चमचे दूध वाढवून पीठ दहा मिनिटं तसंच ठेवा. बेकिंग पावडर मात्र ओतायच्या अगदी आधी मिसळा.

---

मीठभाकर | १३ जून

माझ्या बहिणीकडे केला होता. कडेने मस्त, मधे पीठ कच्चं आणि चिकट. काय कारण असेल?

---

पाटपाणी | १३ जून

मीठभाकर, बहुतेक वेळा तीन कारणं असतात: फळ गोठवलेलं किंवा फ्रिजमधलं थंडगार घातलं, रस फार होता, किंवा वरचा रंग बघून लवकर काढला. गोठवलेल्या फोडी आधी पूर्ण वितळवा, सुटलेला रस वेगळा आटवून निम्मा करा आणि मग फोडींवर घाला. टोचणीने तपासलंत तर फसगत होते, ती फळात गेली तर ओली येणारच. मधला पिठाचा भाग चमच्याने थोडा उचलून आत बघा. स्वयंपाकाचं थर्मामीटर असेल तर मधे ९५ अंश सेल्सिअस दिसलं पाहिजे.

भांड्याचा आकारही विचारा. ८ इंचाऐवजी लहान आणि खोल पातेल्यात केलं असेल तर एक तास दहा मिनिटंसुद्धा लागू शकतात.

---

दुधी | १३ जून

पीचऐवजी हापूस घालून चालेल का? घरात पेटी आहे.

---

भुईचाफा | १३ जून

दुधी, मी तरी नाही करणार. पिकलेल्या हापूसला आंबटपणा कमी आणि गर मऊ, ओव्हनमध्ये त्याचा रस होऊन जातो आणि हापूसचा वास उष्णतेने बदलतो. पेटीतला आंबा कापून खा! शिजूनही चव टिकवतील अशी आंबटगोड फळं इथे लागतात. जरदाळू, आलुबुखार किंवा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी-तुती यांचा करून बघा. स्ट्रॉबेरीला पाणी फार सुटतं, तिला एक चमचा कॉर्नफ्लोअर लावा.

डब्यातली पीचही चालतात. पाक पूर्ण निथळून टाका, फळात साखर घालू नका, लिंबू दुप्पट करा, आणि शेगडीवर गरम करण्याची पायरी तशीच ठेवा. हिवाळ्यात मी तेच करते. ताज्याची सर नाही, पण गरम गरम चांगला लागतो.

---

तगर | १४ जून

भुईचाफा, २०२३ मध्ये आमच्याकडे जॉर्जियाची पीच जवळजवळ दिसलीच नव्हती. तिकडे काय झालं होतं?

---

भुईचाफा | १४ जून

तगर, ते वर्ष फार वाईट गेलं. पीचच्या झाडाला फुलण्याआधी थंडी मोजून लागते, साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली शेकडो तास. त्या वर्षी हिवाळा उबदार गेला, थंडी पुरली नाही, त्यातच उबेने झाडं लवकर फुलली आणि मार्चमध्ये हिमाचा तडाखा बसला. राज्याचं ९० टक्क्यांहून जास्त पीक गेलं. शनिवारच्या बाजारात पीचची टेबलं रिकामी होती, विकणाऱ्यांनी त्या जागी मका आणि टोमॅटो मांडले होते. पुढच्या वर्षी पीक परत आलं, पण बागवाले आता कमी थंडीत फुलणाऱ्या जातींबद्दल बोलायला लागले आहेत.

---

सोलनकर | १५ जून

इथेही हीच काळजी आहे. खालच्या उंचीवर हिवाळ्यात बर्फ कमी झालं आहे आणि बागवाले सफरचंदाकडून पीच, किवी, डाळिंब यांच्याकडे वळतात, कारण पीचला सफरचंदापेक्षा थंडी कमी लागते. पण फुलोऱ्याच्या दिवसांत गारपीट झाली तर तेही हातचं जातं.

---

खडीसाखर | २९ जून

केला! सोलनकरांनी सांगितल्याप्रमाणे थांबले, फळवाल्या काकांनी पिवळ्या गराची पेटी आणून दिली. पिशवीत ठेवल्यावर रोज दोन-तीन पिकत गेली. कोय खरंच सुटी होती. फळ जरा आंबट होतं म्हणून साखर ८० ग्रॅम, लिंबू निम्मं. ओटीजीत ५८ मिनिटं लागली, ३५ मिनिटांनंतर फॉइल टाकलं. कडा काय सुंदर झाल्या होत्या! आईला अंडं चालत नाही, तिने दोनदा घेतला. जायफळाचा वास तिने लगेच ओळखला. थोडा उरला आहे, उद्यापर्यंत बाहेर ठेवू का? पुण्यात आता पावसाळी हवा आहे.

---

भुईचाफा | २९ जून

वा! फार आनंद झाला. बाहेर ठेवू नका, दमट हवेत लगेच आंबतो. पूर्ण गार झाला की झाकून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस चांगला राहतो. मायक्रोवेव्हमध्ये नको, कडा मऊ पडतात. ओटीजीत १६० अंशाला १२-१५ मिनिटं, झाकण न ठेवता. पेटीतली पीच अजून उरली असतील तर फोडी करून थोडं लिंबू लावून ट्रेवर सुट्या सुट्या गोठवा आणि मग पिशवीत भरा. गणपतीत पाहुणे आले की कामाला येतील.

---

खडीसाखर | २९ जून

हो, नऊ उरली आहेत. आजच गोठवते.